बिबट्या कुणी सोडला

१२ नोव्हेंबर

आज आईचा जलदान विधी झाला. पाहुणे गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. माझा नवरा कपिल म्हणतो, पड जरा. मला पडवत नाही आणि रडवतही नाही, नुसता संताप होतोय. शाळेपासून माझी ही सवय आहे. तोंडानं बोललं की भांडण होतं, म्हणून लिहून काढायचं. आता भांडायला आईसुद्धा राहिली नाही.

काय झालं ते एकदा सरळ लिहून ठेवते, कारण दारात येणारा प्रत्येक जण वेगळंच सांगतो. आई आमच्या बांधावर शेळ्यांसाठी गवत कापत होती. दिवस मावळायचा होता, चांगला उजेड होता. बांधाच्या अलीकडे आमचा एकरभर कांदा, पलीकडे गेणभाऊंचा ऊस, त्याच्या मागं त्यांची पोल्ट्री. उसातून बिबट्या आला आणि आईला मानेला धरून आत घेऊन गेला. रानातल्या बायकांनी आरडाओरडा केला तेव्हा त्यानं तिला टाकलं. तोवर सगळं संपलं होतं.

पंचनाम्याला आलेला वनखात्याचा माणूस म्हणाला, खाली बसलेलं माणूस त्याला शेळीसारखं दिसतं. माझ्या आईला शेळी म्हणाला मेला. मी भानावर असते तर त्याच्या कानाखाली वाजवली असती.

आई काही गरीब गाय नव्हती. पोल्ट्रीवरचा गडी मेलेल्या कोंबड्या उसाच्या कडेला फेकतो, घाण वास सुटतो, म्हणून मागं एकदा तिनं गेणभाऊंच्या दारात उभं राहून अर्धं गाव गोळा केलं होतं. तरी आज गेणभाऊ आले. मनाचा मोठेपणा लागतो त्याला. विधी झाल्यावर त्यांनी माईक मागून घेतला. म्हणाले, ‘‘ह्यो बिबट्या आपला न्हाई. गाडीत घालून बाहेरनं आणलेत आन् आपल्या उसात सोडलेत. द्रौपदाबाईला बिबट्यानं न्हाई मारलं. सोडणाऱ्यानं मारलं.’’

मंडपात सगळ्यांनी माना हलवल्या. आणि खरं सांगते, मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. जनावरावर रागवायचं तरी कसं? त्याला शिवी कळत नाही. माणसाला कळते. फक्त तो माणूस कोण, तेवढं मला कळलं पाहिजे.

ओतूरचा जावेदभाऊ आज पाण्याचे जार पिकअपमध्ये घालून घेऊन आला होता. आईच्या अंत्यविधीलाही होता तो, शेवटपर्यंत मागं उभा. बाजारातून माझ्या पिठाच्या गिरणीवर बाजरीची पोती तोच आणून टाकतो. आई त्याला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. जाताना म्हणाला, ताई, काही लागलं तर हाक मारा.

१५ नोव्हेंबर

गिरणी चालू केली. घरात बसून भिंतींकडे किती बघायचं?

सकाळपासून डब्यांची रांग लागली. दळण कमी आणि बोलणं जास्त. ठकूबाई, आईची बरोबरीची, तिनं सांगितलं की पूर्वी आपल्याकडे बिबट्या नावालाही नव्हता, मग एवढे आले कुठून? दुसरीचा दीर म्हणतो, तिन्हीसांजेला एक गाडी येते, दिवे बंद करते आणि जाते. तिसरी म्हणाली की पकडलेल्या बिबट्याच्या कानात खूण असते, म्हणजे ते सरकारी झाले की नाही? एकीनं मोबाइलवर बिबट्या एसटी स्टँडवर बाकड्याशेजारी बसलेला दाखवला. त्याला पाच पाय होते. तो एआयचा निघाला तेव्हा सगळ्या हसल्या, मीही हसले. हसल्यावर स्वतःचाच राग आला.

पण बाकीचं खोटं कसं असेल? एवढी माणसं उगाच बोलतात का? एकीनं सांगितलं असतं तर सोडून दिलं असतं. सगळीच सांगतात.

१६ नोव्हेंबर

कपिलशी भांडले. तो कंडक्टर आहे, नारायणगाव ते घोडेगाव गाडीवर असतो. जेवताना म्हणाला, ‘‘गंमत सांगू? आपल्या जुन्नरातली माणसं म्हणतात, आंबेगावातून आणून सोडले. मंचर ओलांडलं की आंबेगावातली म्हणतात, जुन्नरवाल्यांनी आपल्याकडे आणून टाकले. गाडी तीच, गोष्ट तीच, नुसतं गाव बदलतं.’’

गंमत! माझी आई गेली आणि याला गंमत सुचते. मी ताट सरकवलं. दोन्हीकडची माणसं सांगतात म्हणजे दोन्हीकडे सोडले असतील, एवढंही कळत नाही का? तिकिटं फाडून फाडून याचं डोकंच गेलंय.

१८ नोव्हेंबर

पुरावा मिळाला.

दुपारी गिरणीत सगळ्यांच्या मोबाइलवर एकदमच एक व्हिडिओ आला. उसाचं रान, संध्याकाळची वेळ. खाकी कपड्यातली दोन माणसं भाजीचा प्लास्टिकचा क्रेट धरून चालतात. हातात रबरी मोजे. क्रेट उसाच्या तोंडाशी ठेवतात, वरचं फडकं काढतात आणि मागं न बघता भराभरा निघून जातात. क्रेटमध्ये काहीतरी हलतं. लिहिलंय, ‘बघा, वनखाते आपल्या शेतात बिबटे सोडताना रंगेहाथ!’ आवाज नाही, नुसतं संगीत.

मी दहा वेळा पाहिला. मोजे कशाला घातले? हाताचे ठसे उठू नयेत म्हणून. चोरासारखे पळाले का? चोरच म्हणून.

आणि कडेला उभी असलेली पिकअप. मागच्या फाळक्याला निळ्या ताडपत्रीचा तुकडा, डाव्या दाराला चेपा, तो चेपा माझ्या गिरणीच्या ओट्याला लागून पडलेला. गाडी जावेदची आहे. मी गिरणीचा पट्टा बंद केला आणि सगळ्या बायांसमोर मोठ्यानं सांगितलं, ही गाडी ओतूरच्या जावेदची आहे.

माझ्या आईच्या अंत्यविधीला उभा राहिला. पाणी पाजलं लोकांना. ताई म्हणतो मला.

१९ नोव्हेंबर

जावेदला फोन लावला. वाटलं होतं उचलणार नाही, पण उचलला. मी सरळ विचारलं, व्हिडिओतली गाडी तुझी का? तो म्हणाला, ‘‘गाडी माझीच हाय ताई. खात्यावाल्यांनी भाड्यानं नेली व्हती. पण ते काय हाय ना, मागल्या साली राजुरीला...’’

मी फोन कापला. पुढं काय ऐकायचं? कबूलच केलं की त्यानं. नंतर त्याचे फोन येत होते, मी उचलले नाहीत.

गेणभाऊ संध्याकाळी घरी आले. सोबत पुतण्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये बोलले नाहीत. म्हणाले, परवा फाट्यावर रास्ता रोको आहे, प्रतीक्षाताई, तुम्हीच बोला, तुमच्या तोंडून आलं की वजन पडतं. आजवर ह्या गावात मला कुणी ‘ताई, बोला’ असं म्हटलं नव्हतं. बौद्धवाड्यातल्या बाईला माईक देणारा पुढारी मी पहिल्यांदाच पाहिला. कपिल म्हणाला, निवडणूक तोंडावर आलीय. असू दे ना. काम तर करतोय माणूस.

२१ नोव्हेंबर

बोलले. सगळं बोलले.

हायवेवर दोन्ही बाजूंनी ट्रक थांबले होते, भाजीच्या गाड्या, एसट्या, सगळं. मी आधी आईचं नाव घेतलं. मग मी व्हिडिओचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, जावेदचं नाव घेतलं, तो ओतूरच्या बाजारात कुठल्या बाजूला गाडी लावतो तेही सांगितलं. कुणीतरी ओरडलं, ‘‘त्यांचंच काम!’’ मला ते आवडलं नाही. मी माणसाचं नाव घेतलं होतं, जातीचं नाही. पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या आणि मी पुढं बोलत राहिले.

खाली उतरले तेव्हा गेणभाऊ पुतण्याला म्हणत होते, ‘‘जाऊन इचारा की त्याला जरा.’’ तीन-चार मोटारसायकली ओतूरच्या दिशेनं गेल्या.

घसा बसलाय. आज बरं वाटतंय. आईसाठी काहीतरी केलं.

२२ नोव्हेंबर

जावेदला मारलं. बाजारातच, काल भर दुपारी. पिकअपच्या काचा फोडल्या, त्याचा उजवा हात मोडला. कपिलनं सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता.

आधी वाटलं, बरं झालं. ते वाटलं हे खरं आहे म्हणून लिहिते. मग जेवायला बसले आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

मारा असं मी म्हटलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर

मारा असं मी म्हटलंच नव्हतं.

२६ नोव्हेंबर

जावेदची बायको गिरणीत आली. झुबेदा. मी तिला याआधी ईदला एकदाच पाहिलं होतं. ती रांगेत थांबली नाही, सरळ आत आली. बाया बाजूला झाल्या. मला वाटलं रडेल, पाया पडेल. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

ती रडली नाही. माझ्यापेक्षा जास्त चिडलेली होती. म्हणाली, बाजारात एक व्यापारी आता जावेदला माल देत नाही, आडतीवर त्याला बिबट्यावाला म्हणतात, पोरी शाळेत जायला तयार नाहीत. पोलिसात केस झालीय ती अनोळखी माणसांवर. ‘‘अनोळखी,’’ ती म्हणाली, ‘‘ह्या तालुक्यात अनोळखी कोण असतं गं? एकमेकांच्या सोयऱ्यांची नावं पाठ हायत आपल्याला.’’

मी म्हटलं, गाडी त्याचीच होती, त्यानं कबूल केलंय. तेव्हा ती म्हणाली, ‘‘पुरं ऐकलंस का तू? तुझी आई गेली, तुझा राग मला कळतो. पन व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणी काढला, येवढं इचारलंस एकदा तरी? राजुरीला रखमाजींच्या रानातला हाय तो. जा, बघ, आन् माझा नवरा खोटा निघाला तर मीच तुला येऊन सांगीन का हां, मारा त्याला.’’

आणि गेली. मी बाजरीचा पुढचा डबा घेतला आणि सवयीनं मूठभर दाणे हातावर पसरून खडे बघितले. खडा दगडाखाली गेला तर दगड बाद होतो, म्हणून कुणाचंही दळण मी आधी हातावर घेऊन बघते. सख्ख्या बहिणीचं असलं तरी.

झुबेदाचा इतका राग आलाय की उद्याच राजुरीला जाते आणि तिला खोटं पाडून येते.

२७ नोव्हेंबर

राजुरी. हे सगळं नीट लिहायचं आहे.

रखमाजी साठीच्या पुढचे, बोलघेवडे. ओसरीवरच ऊसतोडीच्या टोळीशी बोलत बसले होते. मी व्हिडिओ दाखवला तर हसायलाच लागले. म्हणाले, आवं ह्यो तर मीच काढलाय. गेल्या साली तोड चालू असताना टोळीतल्या बाईला सरीत दोन पिल्लं दिसली, मांजराएवढी, डोळेसुद्धा नीट उघडले नव्हते. टोळीनं कोयते टाकले, आई येईल आणि फाडेल म्हणून. मग खात्याची माणसं आली. त्यांनी पिल्लं तपासली आणि संध्याकाळी क्रेटमध्ये घालून जिथं सापडली तिथंच आणून ठेवली. मोजे कशाला, तर माणसाच्या हाताचा वास लागला तर मादी बिथरते म्हणून. भराभरा निघून का गेले, तर माणसं जवळ असली तर ती येत नाही म्हणून. त्यांची गाडी नादुरुस्त होती म्हणून जावेदची पिकअप भाड्यानं घेतली होती. पिल्लं परत मिळाली नाहीत, तर मादी दहा रानांतून भटकते आणि जो दिसेल त्याच्यावर धावते, म्हणून हा सगळा खटाटोप. आमच्या भागात ऊसतोडीला हे दरसाल चालतं, मीही ऐकलेलं होतं. ऐकलेलं असून डोक्यात आलं नाही.

त्यांनी त्यांच्या मोबाइलमधला पूर्ण व्हिडिओ लावला. माझ्याकडचा संपतो तिथून पुढं बराच वेळ नुसता ऊस हलतो. रखमाजींचाच आवाज येतो, हळू, ‘‘येईल बघ. माय हाय ती.’’ मग ती येते. क्रेट पंजानं पाडते, एकाला मानेला धरून नेते, परत येते, दुसऱ्याला नेते.

मानेला धरून. मी तोंड फिरवलं. रखमाजींना कळलं असावं मी कोण ते, कारण त्यांनी मोबाइल उलटा ठेवला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

मी विचारलं, कुणाकुणाला पाठवला होता? म्हणाले, घरातल्यांना, आणि तुमच्याच पिंपळवंडीला व्याह्यांना. व्याही कोण? तर गेणभाऊ. ‘‘त्यांना लई आवडला व्हता. लहान लेकरागत परत परत बघितला त्यांनी माझ्यासमोर.’’

येताना एसटीत मी खिडकीशी बसून होते. म्हणजे गेणभाऊंना माहीत होतं. मंडपात माईक घेताना माहीत होतं, माझ्या घरी माझं सगळं ऐकून घेताना माहीत होतं, पुतण्याला पाठवताना माहीत होतं. आणि मला काही माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. कुणाचा राग जास्त येतोय ते अजून ठरत नाही.

२९ नोव्हेंबर

कपिलला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल मी सांगत होतो. तसं म्हणाला नाही. तो एवढंच म्हणाला, मग बिबट्या आपल्याच बांधावर का आला, ते बघ. कोंबड्या. मेलेल्या कोंबड्या फेकतात, त्यावर कुत्री येतात, कुत्र्यांवर तो येतो. गेणभाऊला हे लपवायचंय म्हणून त्यानं सगळं रचलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लगेच उठून त्यांच्या दारात जाणार होते. चपला घातल्या. आणि तिथंच थांबले. किती छान बसतंय सगळं. मंडपात गेणभाऊ बोलले तेव्हाही असंच छान बसलं होतं, असाच श्वास मोकळा झाला होता. यावेळी आधी बघून येईन, मगच तोंड उघडेन.

३० नोव्हेंबर

दिवसाढवळ्या गेले, शेजारच्या दोघी बाया आणि काठ्या घेऊन. बांधावर ते गवत अजून अर्धवट कापलेलं आहे. मी तिकडे फार वेळ बघितलं नाही.

दिसलं ते लिहिते. उसाच्या कडेला कोंबड्यांची पिसं, जुनी आणि नवी. सिमेंटच्या गोणीत मेलेल्या कोंबड्या, तोंड उघडं. चार कुत्री ओढाताण करत होती. गोणी टाकणारा गडी लांबून आम्हाला बघून परत फिरला. सगळ्याचे फोटो काढले.

दिसलं नाही ते पण लिहिते. बिबट्या कोंबड्या खाताना मी पाहिला नाही. कुणीच पाहिला नाही. आईवर आला तो कोंबड्यांसाठी आला होता का, कुत्र्यांसाठी, की नुसताच तिथं होता, मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. गेणभाऊंनी व्हिडिओ स्वतः कापला की पुतण्यानं की आणखी कुणी, तेही माहीत नाही. एवढं माहीत आहे की पूर्ण व्हिडिओ त्यांनी पाहिला होता आणि माझ्या आईच्या मांडवात खोटं बोलले.

हे असं लिहायला त्रास होतो. सगळं एकाच्या गळ्यात बांधायला किती हलकं वाटलं असतं.

४ डिसेंबर

ग्रामसभा झाली.

मी उभी राहिले, जावेद निर्दोष आहे म्हणाले, माझं चुकलं म्हणाले. रखमाजींचा पूर्ण व्हिडिओ शाळेच्या पडद्यावर लावला. मादी पिल्लाला घेऊन गेली तेव्हा दोन-तीन बायका च् च् करत हळहळल्याही. मला वाटलं झालं आता, डोळ्यांनी पाहिलं लोकांनी.

मागून एक पोरगा म्हणाला, ‘‘एआयचा हाय.’’

म्हणजे तुकडा खरा आणि पूर्ण व्हिडिओ खोटा. मी म्हटलं, रखमाजींना फोन लावा, इथं सगळ्यांसमोर. तर म्हणे, त्यांना खात्यानं दाबलं असेल. मी म्हटलं, पिल्लं त्यांच्याच उसात जन्मली. तर म्हणे, त्यांची आई कुणी सोडली? तीही तिथंच जन्मली असेल म्हटलं, तर म्हणे, मग तिची आई? एकाचं उत्तर दिलं की प्रश्न एक पाऊल मागं सरकतो. हे खरं शोधणं नव्हेच. खरं शोधणारा माणूस कधीतरी थांबतो, असं असं दिसलं तर मी माझं म्हणणं सोडीन असं म्हणतो. मी तेच विचारलं. काय दाखवलं म्हणजे तुम्ही मानाल? सांगा, मी ते आणते. कुणीही सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या सभेत एकानंही नाही.

मग मी कोंबड्यांचे फोटो लावले. बोलले ते जपून, दिसलं तेवढंच. गेणभाऊ चिडले नाहीत. उठून अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘लेकीचं दुःख मोठं असतं. कुणीतरी तिच्या कानात भरवतंय. कोण भरवतंय ते तुमी समजून घ्या.’’

आणि सगळ्यांनी समजून घेतलं. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, नवरा एसटीत आहे, त्याची बदली नको म्हणून सरकारची बाजू घेत असेल. दुसरं म्हणालं, त्या ओतूरच्या बाईनं गिरणीत येऊन काय दिलं, विचारा. मी वळले, तर दोघंही दुसरीकडे बघत होते.

पंधरा दिवसांपूर्वी हीच माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, तुला कुणी भरवलं.

७ डिसेंबर

गिरणीत डबे नाहीत. काल दोन होते, आज एक. माणसं आळेफाट्याला दळायला जातात.

तो एक डबा ठकूबाईचा. दळून होईपर्यंत ती पोत्यावर बसून राहिली, आईच्याच जागी. जाताना म्हणाली, ‘‘तुझं खरं असंल. पन तुला सांगू का, सोडणारा कुणीतरी हाय म्हटलं का त्याला धरता येतं. रानात आपोआप झालेत म्हटलं तर मी उद्यापास्नं कुनाच्या जिवावर शेतात जाऊ?’’

मला तिचा राग आला नाही. पहिल्यांदाच या सगळ्यात कुणीतरी खरं बोललं होतं. तिला म्हटलं, एकटी जाऊ नका, आपण चौघी मिळून जाऊ. ती बरं म्हणाली. चहाला मात्र थांबली नाही, कुणी बघेल म्हणून.

८ डिसेंबर

ओतूरला गेले होते. जावेद घरासमोर उन्हात खुर्चीवर, हात गळ्यात. पिकअप काचांशिवाय उभी. मी माफी मागितली. त्यानं ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाला, ठीक आहे ताई. मला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पण तो घाबरलेला होता, मला घाबरलेला होता. ती दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

झुबेदा आतून आली. तिनं बस म्हटलं नाही. ‘‘घरात येऊन माफी मागितलीस,’’ ती म्हणाली, ‘‘नाव कुठं घेतलं व्हतंस? रस्त्यावर. ह्याला कुणी मारलं ते तुला ठावं हाय. हा सांगणार न्हाई, त्याला ह्याच बाजारात पोट भरायचंय. तू सांग. मग बाजारवाले बघतील, खोटं कोण व्हतं ते.’’

कपिलला सांगितलं. तो म्हणाला, पुतण्याचं नाव घेतलंस तर गेणभाऊचा वकील पहिलं हेच विचारणार की पोरांना पत्ता कुणी दिला. जमाव भडकवला म्हणून केस तुझ्यावरही लागेल. मी म्हटलं, हो, लागेल. तो म्हणाला, सुट्टी टाकतो, सोबत येतो.

९ डिसेंबर

पोलिसात जाऊन आलो.

हवालदार बरा माणूस होता, फक्त घाईत. आधी म्हणाला, तडजोड करून टाका, निवडणुका आहेत. मी बाकावर बसून राहिले. दुपारी त्यानं शेवटी कॉम्प्युटर पुढं ओढला आणि जबाब टाइप करायला घेतला. माझं नाव, गाव, धंदा. मग म्हणाला, सुरुवातीपासून सांगा. तुमच्या आईला कुणी मारलं?

मी म्हटलं, ‘‘बिबट्यानं.’’

त्यानं टाइप केलं. एवढंच होतं ते, एक शब्द. तो तोंडातून काढायला मला महिना लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. कपिलनं पाण्याची बाटली दिली. हवालदार थांबला. नंतर त्यानं विचारलं, त्याला कुणी आणलं, सोडलं, असं काही म्हणणं आहे का तुमचं? नाही म्हटलं, काही म्हणणं नाही.

‘‘आणि जावेदला कुणी मारलं?’’

‘‘आम्ही.’’

त्याची बोटं थांबली. म्हणाला, बाई, असं लिहून चालत नाही, आम्ही म्हणजे कोण, एकेकाचं नाव सांगा. पुतण्याचं नाव मला माहीत होतं, त्याच्याबरोबरच्या दोघांचीही. गेणभाऊ काय म्हणाले ते शब्दाला शब्द पाठ होतं. सगळं सांगितलं.

पण पहिलं नाव मी माझं लिहायला लावलं.